खसखशीची साक्ष

मी आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नाही, आणि माझं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या रक्तातली दारू मोजण्यात गेलं.

आमचे अब्बा मार्केट यार्डात फळांचा गाळा चालवायचे. पोरगा एम.एस्सी. झाला, आता कॉलेजात प्रोफेसर होईल अशी त्यांची समजूत होती. पोरगा शिरला सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. यार्डात कोणी विचारलं, "बागवानशेठ, रशीद काय करतो?" की अब्बा सांगायचे, "सरकारी नोकरी आहे." पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून समोरच्याच्या हातात एक मोसंबं ठेवायचे.

काम तसं सांगण्यासारखं नव्हतंच. अपघात, विषबाधा, संशयास्पद मृत्यू, दारू पिऊन गाडी चालवणं, अशा प्रकरणांतले नमुने पोलीस शिपाई पिशवीत घालून घेऊन येत. कधी रक्त, कधी लघवी, कधी बरणीतला जठराचा तुकडा. आम्ही आधी बाटलीत काय आहे ते बघत नसू, बाटलीवरचं सील बघत असू. लाख तुटलेली असेल तर आतलं रक्त कितीही बोलकं असलं तरी कोर्टात मुकं. सील शाबूत असेल तर पुढचं काम. रक्तात दारू शोधायची असेल तर रक्त बंद कुपीत हलकंसं तापवायचं. दारू उडून वर येते, ती वरची हवा यंत्रात सोडायची. किती दारू, ते यंत्र सांगतं. माणूस कोण, कशासाठी प्यायला, घरी कोण वाट बघत होतं, हे काही यंत्र सांगत नाही. आम्हालाही कधी कळत नसे. अहवाल जायचा आणि त्यावरचा नंबर पुसला जायचा. इतक्या वर्षांत एकही माणूस मला येऊन म्हणाला नाही की साहेब, तुमच्या अहवालानं माझं भलं झालं, किंवा वाटोळं झालं. याची मला आत कुठेतरी रुखरुख होती.

पुढे देशाचे दरवाजे उघडले, पुण्यात परदेशी कामं यायला लागली, खराडीकडच्या शेतांत काचेच्या इमारती उगवल्या. त्या काचांच्या आत बसणाऱ्यांचे ग्राहक अमेरिकेत. त्यांच्या अटींत एक अट अशी की आमचं काम करणाऱ्या प्रत्येकाची नोकरीवर घेण्याआधी अमली पदार्थांची तपासणी झालीच पाहिजे. पुण्यात हे नवीन होतं. त्या सुमारास नगर रस्त्याला एक खासगी प्रयोगशाळा सुरू झाली आणि सरकारी नोकरी सोडून मी तिथे गेलो. अब्बा तोवर राहिले नव्हते, नाहीतर त्यांना पुन्हा मोसंबी वाटावी लागली असती. कारण आता रक्तही गेलं होतं, उरली होती नुसती लघवी.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. करंदीकर. सगळे त्यांना बाई म्हणायचे. साठीच्या, बारीक, पांढरा कोट कडक इस्त्रीचा. त्या कमी बोलत आणि बोलल्या की समोरच्याचं पुढचं वाक्य घशातच राही. एकदा एका उमेदवारानं नमुना दिला तो फ्रिजमधून काढल्यासारखा गार. दुसऱ्या कोणाचा तरी बाटलीत भरून शर्टाखालून आणलेला, हे उघड होतं. बाईंनी तापमापीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "आपण जिवंत आहात ना?" तो तिथूनच जिन्यानं खाली गेला. लिफ्टचीसुद्धा वाट बघितली नाही.

अशा ठिकाणी प्राजक्ता गावंडेचा नमुना आला.

आमच्याकडे प्रत्येक नमुन्याच्या दोन बाटल्या भरतात. एक तपासायला, दुसरी सील करून गोठवून ठेवायला, म्हणजे वाद झाला तर पुन्हा तपासता येते. तपासणीही दोनदा होते. पहिली झटपट होते. ती सोसायटीच्या वॉचमनसारखी असते. चेहरा ओळखीच्या चोरासारखा वाटला की गेटवर अडवते, मग तो चोराचा मावसभाऊ का असेना. ज्यांना अडवलं त्यांचीच दुसरी तपासणी होते. ती खरी. त्यात मोठं यंत्र नमुन्यातला एकेक पदार्थ वेगळा करतं, त्याचे तुकडे करतं आणि तुकड्यांवरून नाव-गाव-कुळी सांगतं. तिथे मावसभाऊ सुटतो आणि चोर अडकतो.

प्राजक्ताच्या नमुन्याला वॉचमननं अडवलं. मी तो मोठ्या यंत्रावर लावला. यंत्रानं स्वच्छ सांगितलं की यात मॉर्फिन आहे.

मॉर्फिन म्हणजे अफूतला मुख्य ऐवज. हेरॉइन घेतलं तरी शरीरात शेवटी मॉर्फिनच होतं. असं काही निघालं की अहवाल पाठवण्याआधी उमेदवाराला बोलावून विचारायचं, हा बाईंचा नियम. औषध, इंजेक्शन, खोकल्याचं काही? कंपनीला आम्ही एवढंच कळवलं की अहवालाला वेळ लागेल.

प्राजक्ता आली. तेवीस-चोवीस वर्षांची, सडपातळ, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. यवतमाळकडच्या एका तालुक्याच्या गावची. वडिलांचं शिलाईचं दुकान. त्या गावातून आयटीत नोकरी लागलेली ही पहिली मुलगी. चंदननगरला चार मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती. बाईंनी तिला सरळ सांगितलं.

"मॅडम, मी तं चहा पण घेत नाही," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता. "अफू म्हणजे ते... पिक्चरमधले गुंड घेतात ते?"

"औषध काही?"

"नाही."

मी विचारलं, "खसखस खाल्ली होती का?"

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. बियांत नशा नसते, पण बोंडाचा चीक बियांना लागलेला असतो. परदेशी पुस्तकांत पावावर खसखस भुरभुरून खाणाऱ्या लोकांच्या कथा मी वाचल्या होत्या. ईदला आमच्या घरच्या शीरखुर्म्यातही चिमूटभर असते.

"खसखस?" ती गोंधळली. "ती कशात घालतात, सर?"

"काय काय खाल्लं होतं त्या दिवसांत?"

"मेसचा डबा. अन् सकाळी घरून आणलेला फराळ. दिवाळीचा होता ना."

मेसवाला खसखशीचं वाटण घालील, एवढा दिलदार मेसवाला पुण्यात जन्मायचा आहे. आणि फराळ म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे शेजारच्या जोशीकाकूंची चकली आणि शंकरपाळी. विषय तिथेच थांबला. ती जाताना दारात वळली आणि म्हणाली, "सर, तुमची मशीन खोटं बोलते."

"मशीन खोटं बोलत नाही, बेटा," मी म्हणालो. "पण अर्धंच बोलते. उरलेलं आपण शोधू."

शोधणार कसं, ते मला ठाऊक नव्हतं. दुपारी कंपनीच्या एचआर विभागाचे निखिल भागवत आले. पस्तिशीचे, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, कानात सतत फोन.

"मॅडम, रिपोर्ट लेट म्हणजे काय, ते आम्हाला समजतं हो," ते म्हणाले. "क्लायंट यूएसचा आहे. झीरो टॉलरन्स. मुलगी चांगली आहे, इंटरव्ह्यू मीच घेतला होता. पण पॉलिसी इज पॉलिसी."

"अहवाल पूर्ण झाला की मिळेल," बाई म्हणाल्या. "अर्धी भाकरी आम्ही वाढत नाही."

मी पुन्हा यंत्राकडे गेलो. हेरॉइन घेणाऱ्याच्या लघवीत एक खास खूण सापडते, ती थोडाच वेळ टिकते. ती इथे नव्हती. पण नसणं म्हणजे पुरावा नाही. मग मी थीबेन नावाचा एक पदार्थ शोधला. तो शुद्ध मॉर्फिनच्या इंजेक्शनात नसतो, हेरॉइनमधून येत नाही. तो झाडाच्या चिकातून थेट आलेला असतो. थीबेन सापडलं! मी खुर्चीतून उठून बाईंच्या केबिनकडे जवळजवळ पळालो.

बाईंनी कागद पाहिला. "छान. म्हणजे हेरॉइन नाही. आता मला सांगा, बागवान, एखादी मुलगी कच्ची अफू खात असेल तर थीबेन येईल की नाही?"

येईल. मी कागद घेऊन परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळा उघडताना दाराशी एक गृहस्थ उभे होते. पांढरा लेंगा-शर्ट, टोपी, गळ्यात शिंप्याची टेप तशीच राहिलेली. हातात मोठा स्टीलचा डबा. शेजारी प्राजक्ता. बापाला तिनं स्वतःच सारं सांगितलं होतं. भाऊराव गावंडे दुकान तसंच टाकून यवतमाळहून बसमध्ये बसले होते.

"साहेब, पोट्टीनं फोनवर सांगितलं अन् मले काही सुचेच ना," ते म्हणाले. "आमच्या घरात सुपारी कोणी खात नाही जी. तुमी म्हणान तिथं मी सही करतो. माह्या नावावर घ्या काय घ्यायचं ते."

"तसं नसतं हो भाऊराव. बसा. चहा घ्या."

"रिकाम्या हातानं कसं यावं म्हणून घरवालीनं हे देल्लं. खाऊन पाहा जी. नाही म्हणू नका." डब्याचं झाकण त्यांनी उघडलंच.

अनारसे! तळहाताएवढे, तांबूस, एकावर एक रचलेले. प्रत्येकावर खसखस अशी थापलेली की खाली अनारसा आहे हे विश्वासानं मानावं लागलं असतं.

मी एक उचलला. चावला. दाताखाली ते बारीक बी कुरकुर वाजलं आणि मी तसाच थांबलो.

"प्राजक्ता, हेच खात होतीस सकाळी?"

"हो सर. चार-पाच. आई खूप देते, मग मेसचा नाश्ता लागत नाही."

"आणि वर हे काय लावलंय?"

ती वाकून बघू लागली. "हे? मले तं वाटे रवा आहे."

भाऊरावांनी कपाळाला हात लावला. "रवा? अवं, आई तुही जीव टाकून खसखस लावते, अन् तू रवा म्हणतं?"

मला हसू आवरेना. प्राजक्ता बघत राहिली, मग तिच्याही लक्षात आलं, आणि गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

पण बाईंना सांगितलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "ही कल्पना झाली. पुरावा करा."

पुरावा करायचा म्हणजे कोणीतरी ते अनारसे खाऊन नमुना द्यायचा, आणि तिच्या नमुन्यात दिसलं तेच त्याच्यातही दिसतं का, ते बघायचं. मी तयार होतोच. बाईंनी भागवतांनाही बोलावून घेतलं. सगळं ऐकून ते हसले.

"मॅडम, सिरियसली? अनारशातून ड्रग्ज? हे मी यूएसला कसं सांगू? मीसुद्धा दर दिवाळीला खातो."

"मग आत्ताही खा," बाई म्हणाल्या. "आधी एक नमुना द्या, मग पोटभर खा, मग पुन्हा नमुना द्या. तुमच्या क्लायंटला तुमच्याहून विश्वासू साक्षीदार कोण मिळणार?"

भागवत एकदा बाईंकडे, एकदा डब्याकडे बघू लागले. डब्यानं बाजी मारली असावी. "ओके. फाइन."

"बाई, तुम्ही?" मी विचारलं.

"मला साखर आहे. आणि कोणीतरी न खाणारा लागतोच. माझा नमुना कोरा यायला हवा, नाहीतर दोष यंत्राचा."

आमच्या त्या पांढऱ्याशुभ्र, फिनाइलच्या वासाच्या कार्यालयात मग पंगत बसली. प्रयोगाच्या टेबलाजवळ खायला सक्त मनाई असल्यामुळे बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रं अंथरली. मी आणि भागवत समोरासमोर. भाऊराव वाढायला. "घ्या जी, अजून एक घ्या. लाजू नका." तिसऱ्या अनारशानंतर भागवतांनी कानातला फोन काढून खिशात ठेवला. पाचव्याला म्हणाले, "काका, हे घरी करतात? विकत नाही मिळत?" मी चारावर थांबलो. त्यांनी किती खाल्ले, ते प्राजक्ता ओठ दाबून मोजत होती. बाई दारात उभ्या राहून एखाद्या परीक्षेच्या पर्यवेक्षकासारख्या बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी आमचे नमुने लागले. खाण्याआधीचे सगळे कोरे. बाईंचे दोन्ही कोरे. खाल्ल्यानंतरचा माझा नमुना वॉचमननं गेटवरच धरला. भागवतांचाही धरला. मोठ्या यंत्रानं दोघांतही मॉर्फिन दाखवलं, थीबेन दाखवलं. प्राजक्ताच्या नमुन्यात जसं दिसलं होतं अगदी तसं. आणि भागवतांचा आकडा तिच्याहून वर होता.

ते आले तेव्हा मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

"म्हणजे मी... फेल?"

"आपल्या पॉलिसीप्रमाणे, हो," बाई म्हणाल्या. "आता हा कागद अमेरिकेला पाठवायचा की कसं, ते आपण सांगा."

भागवतांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं त्यांना काही झालं. ते हसत होते. डोळे पुसत म्हणाले, "पाठवा. माझं नाव घालून पाठवा. मीच लिहितो त्यांना."

आणि त्यांनी खरंच लिहिलं. प्राजक्ताचा निष्कर्ष, आमचे दोघांचे निष्कर्ष, बाईंचा कोरा नमुना, सगळं जोडलं. तिकडच्या तज्ज्ञांनी बाईंना फोन करून उलटसुलट प्रश्न विचारले. बाईंनी उत्तरं दिली. एका प्रश्नाला मात्र त्या अडखळल्या. तिकडच्या माणसानं विचारलं होतं, अनारसा म्हणजे नक्की काय? तांदूळ भिजवण्यापासून सुरुवात करून पिठात गूळ मुरवण्यापर्यंत त्या आल्या आणि मग म्हणाल्या, "हे फोनवर समजणार नाही. दिवाळीत या." प्राजक्तानं अनारसे बंद करून नवा नमुना दिला. तो कोरा आला. कंपनीनं अहवाल मान्य केला, तिला कामावर घेतलं. शिवाय पुढच्या सगळ्या उमेदवारांच्या सूचनेत एक ओळ वाढली की तपासणीआधी काही दिवस खसखस असलेले पदार्थ टाळावेत. ती ओळ खुद्द भागवतांनी घातली.

सगळ्याच गोष्टी अशा गोड होत नाहीत. पहिल्या झटपट तपासणीवरच निकाल लावून मोकळ्या होणाऱ्या जागा तेव्हाही होत्या. तिथे कोणाच्या घरचा डबा कोण उघडून बघणार? मावसभावालाच चोर ठरवून किती जण घरी पाठवले असतील, हा विचार आला की मला अजूनही अस्वस्थ वाटतं. म्हणून नवीन मुलांना शिकवताना मी यंत्राच्या आधी प्रश्न विचारायला शिकवत असे. "काय खाल्लं?" हा प्रश्न आमच्या धंद्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा.

निकाल लागेपर्यंत पुण्यातच थांबलेले भाऊराव गावी परतण्याआधी मुलीला घेऊन आमचा निरोप घ्यायला आले. म्हणाले, "साहेब, एक इच्छा आहे. ती मशीन दाखवान का? जिनं माह्या पोरीले पकडलं ती."

आत कोणाला नेत नाहीत. पण बाईंनी मान हलवली. काचेपलीकडून मी त्यांना ते करड्या रंगाचं, गुरगुरणारं खोकं दाखवलं. भाऊराव काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता दोन शिव्या हासडतील.

"मशीन खोटं नाही बोलली जी," ते हळूच म्हणाले. "पाहा ना, इतक्या दूर, पोरीच्या पोटात गेलेली माह्या घरवालीच्या हातची खसखस बरोबर वळखली तिनं."

मी त्यांचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांच्या नंबरांमागून पहिल्यांदाच एक माणूस माझ्यापर्यंत चालत आला होता.

प्राजक्तानं तिथूनच मोबाइलवरून आईला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मोठा केला. नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं, खसखशीचं सांगितलं, अमेरिकेतल्या फोनचंही सांगितलं. एचआरचे मोठे साहेब आईचे अनारसे खाऊन नापास झाले, हेही सांगून टाकलं. पलीकडून बराच वेळ काहीच आवाज नाही. आम्हाला वाटलं, बिचारी रडते आहे.

मग गावंडेवहिनींचा काळजीचा आवाज आला, "ते सारं जाऊ दे, पोरी. अनारसे हसले तं नव्हते ना? औंदा गूळ जरासा जास्त झाल्ता."

तुपात पडल्यावर अनारसा फुटून विरघळला की तो हसला म्हणतात. करणारीच्या दृष्टीनं याहून मोठी नामुष्की नाही.

बाईंनी पुढे होऊन फोन हातात घेतला. "नाही हो वहिनी," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "एकही हसला नाही."

आणि इतक्या वर्षांत प्रयोगशाळेत ज्यांचे दात कोणी पाहिले नव्हते त्या करंदीकरबाई टेबलाचा आधार घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, स्वतःच हसत राहिल्या.